पाटी नसलेल्या दोन गाड्या

“लाइट लागलाय का?” मी विचारलं.

“लागलाय की. हिरवा,” आक्का म्हणाली. “दोनदा बंद करून चालू बी केलं. पडद्यावर हो-नाहीचे चौकोन दिसत्यात, पण ह्यांचं काहीच उमटंना झालंय. काल टेबल जरा...”

“आक्का, हिरवा लाइट लागलाय ना? मग मशीनला काही झालेलं नाही.”

रविवारची सकाळ होती, साडेदहा वाजले असतील. पुण्यात आमच्या सोसायटीची सभा चालू होती आणि गच्चीवरच्या टाकीच्या गळतीवर मी बोलायचं ठरलं होतं. अध्यक्ष माझ्याकडे बघून घड्याळ दाखवत होते. मी फोन घेऊन जिन्यात उभा होतो.

“मग काय झालं असंल?”

“डॉक्टर बागवान म्हणाले होते ना, अंगठाही कधीतरी जाणार म्हणून. गेला असेल.”

“हलल्यागत दिसतोय रं, धना.”

“ते फडफडणं. पायाचे स्नायू आपोआप फडफडायचे की नाही? तसंच.”

आक्का मग “बरं” म्हणाली. ती माझ्यावर कधीच शंका घेत नसे. घरातला इंजिनियर मी. फ्रीज बिघडला तरी मेकॅनिकच्या आधी मला फोन यायचा. मी सभेत जाऊन टाकीवर बोललो आणि चांगला बोललो, टाळ्याही पडल्या.

ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण शालन, कराडला दिलेली. तिचे यजमान जयसिंग थोरात, आमचे दाजी, एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या वेळा पुकारायचं काम. आवाज असा की भोंगा बंद पडला तरी चिपळूणची गाडी लागल्याचं उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापर्यंत कळायचं. बोलायला तर काय, एक नंबर. लग्नात पंगतीला बसले की वाढपी तिथेच रेंगाळायचे.

अशा माणसाचा आवाजच आधी गेला. मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरतात असा तो आजार. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत. जीभ गेली, मग हात, मग पाय. पापण्यांच्या खुणा काही महिने चालल्या, पुढे पापण्याही मनाला येईल तेव्हा मिटायला लागल्या. दीड वर्षात उजव्या हाताचा अंगठा तेवढा उरला. तोही केसाएवढा हलायचा, बघणाऱ्याला कळायचंही नाही.

त्या अंगठ्यासाठी मी मशीन बनवलं. अंगठ्याखाली एक नाजूक पट्टी, तिची तार कॉम्प्युटरला. पडद्यावर अक्षरांच्या रांगा एकेक करून उजळायच्या. हवी ती रांग उजळली की दाजींनी अंगठा दाबायचा, मग हवं ते अक्षर उजळलं की पुन्हा दाबायचा. एक वाक्य व्हायला पाच-सात मिनिटं लागायची. त्याशिवाय घाईच्या प्रश्नांसाठी दोनच मोठे चौकोन होते, हिरवा ‘हो’ आणि लाल ‘नाही’. आळीपाळीनं तीन-तीन सेकंद उजळायचे.

पहिल्या दिवशी दाजींनी लिहिलं, ‘शालन चहात साखर कमी’. आक्का पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. सात महिन्यांनी नवऱ्यानं तिला बोल लावले होते. त्या दिवशी मला स्वतःचा जो अभिमान वाटला, तसा ना त्याआधी कधी वाटला होता, ना नंतर वाटला.

दाजींना प्रत्येक गोष्टीची खोलात चौकशी करायची खोड होती. तार खुपसली की कॉम्प्युटरला कसं कळतं, हे त्यांनी लिहून विचारलं. मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, “दाजी, कॉम्प्युटरचा जो गाभा असतो, त्याला एवढंच कळतं की कुणीतरी आलंय. तो नुसती वर्दी देतो. ते कोण, त्याला काय नावानं हाक मारायची, त्याच्यासाठी कुठला प्रोग्राम उठवायचा, हे बाहेर बसलेला दुसराच एक प्रोग्राम ठरवतो. त्याच्याकडे नियमांचा कागद असतो. तो वर्दी ऐकतो, कागद बघतो आणि पुकारा करतो. आणि हे सगळं चालू मशीनमध्ये. कुणी कधीही यावं, कधीही जावं.”

पडद्यावर अक्षरं उमटली. ‘म्हणजे मी’.

“अगदी तुम्हीच! काचेच्या खोलीतले.”

दाजींचे डोळे हसले. तेवढंच हसू त्यांच्याकडे उरलं होतं. मग लिहिलं, ‘ओळखतो कशावरून’.

खरी अडचण इथेच होती. दाजींच्या खाटेपाशी दोन उपकरणं होती. एक अंगठ्याची पट्टी, दुसरी बोटाला लावायची चिमटी, नाडी आणि ऑक्सिजन मोजणारी. दोन्हींच्या तारा मी एकाच दुकानातून आणलेल्या, स्वस्तातल्या. चांगल्या तारेच्या डोक्यातल्या चिपमध्ये तिचा स्वतःचा क्रमांक लिहिलेला असतो. ह्या दोन्ही कोऱ्या होत्या, कॉम्प्युटरला दोघी हुबेहूब एकच वाटायच्या. म्हणून मी नियम लिहिला तो जागेवरून. डावीकडच्या भोकात येईल ती पट्टी, उजवीकडच्या भोकात येईल ती चिमटी.

हे सांगितलं तेव्हा दाजींचा अंगठा बराच वेळ चालला होता. स्टँडवर ते पुकारायचेच तसं, “प्रवासी बंधूंनो, फलाट बघू नका, पाटी वाचा.” फलाटावर भरवसा ठेवून म्हाताऱ्या पाटणऐवजी विट्याला पोचल्याचे किस्से ते रंगवून सांगायचे. आता त्यांनी लिहिलं, ‘फलाट बदलतो. पाटी लावा’.

“लावतो की,” मी म्हटलं. “त्या चिपमध्ये क्रमांक लिहिता येतो. पुढच्या खेपेला सामान घेऊन येतो. आणि आपल्या घरात फलाट कोण बदलणार, दाजी?”

पुढच्या खेपेला मुलीचं गॅदरिंग होतं, त्याच्या पुढच्याला माझीच घाई. पाच महिने गेले. नियमांच्या कागदात वरच्याच ओळीत मी स्वतःसाठी टिपून ठेवलं होतं, ‘तात्पुरतं. क्रमांक घालणे.’ आमच्या धंद्यात ‘तात्पुरतं’ लिहिलेलं सगळ्यांत जास्त टिकतं, हे आम्ही एकमेकांना हसत हसत सांगतो.

त्या शुक्रवारी डॉ. बागवान येऊन गेले. श्वास पुरेनासा झाला होता. गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि श्वासाच्या मशीनला जोडलं, तर अजून काही वर्षं निघू शकतात, असेच पडून, पण निघू शकतात. नाही जोडलं तर थोडे दिवस. “थोरातसाहेबांनाच विचारा,” डॉक्टर म्हणाले. “त्यांचं डोकं साफ आहे. निर्णय त्यांचा. रविवारी दुपारपर्यंत कळवा, म्हणजे कोल्हापूरला न्यायची सोय करतो. त्यानंतर नेण्यात अर्थ राहणार नाही.”

दाजींनी लिहिलं होतं, ‘रविवारी सांगतो’. आक्कानं फोनवर मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज स्थिर होता. वर्षापूर्वी शेजारच्या एकांना नळीवर बघून आल्यावर दाजी म्हणाले होते, “माझं असलं काही करू नकोस, शालन.” तेव्हा त्यांची जीभ थोडीफार वळत होती. ते वाक्य आक्कानं मनात जपून ठेवलं होतं.

रविवारी सभा आटोपून, जेवून, मी गाडी काढली आणि पाचच्या सुमारास कराडला पोचलो. आक्का दारातच उभी होती.

“मी नाही म्हणून सांगितलं रं डाक्टरला,” ती म्हणाली. “बारा वाजता फोन केला. वाट तरी किती बघणार? सकाळधरनं विचारतीय. हो म्हणा, नाही म्हणा, काहीतरी म्हणा. काय बी उमटलं नाही. मग म्हटलं, पहिलं बोलणं तेच खरं. बरोबर केलं का मी?”

“बरोबर केलंस.”

“तू म्हणतोस ना?”

“मी म्हणतो ना.”

दाजी अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पडले होते. खाटेशेजारी ऑक्सिजनचं नळकांडं आलं होतं, मशीनचं टेबल दुसऱ्या बाजूला. हिरवा लाइट चालू. मी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि झालं. मागे वाकून बघितलं नाही. पट्टीवरचा दाजींचा हात तसाच हातात घेतला. माझ्या तळव्याखाली अंगठा हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. मी आक्काला म्हटलं, “बघ, हेच ते फडफडणं.” दाजींच्या समोर म्हटलं. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

सोमवारी दुपारी दाजी गेले. स्टँडवरचे कंडक्टर-ड्रायव्हर खाकी कपड्यांतच आले होते. एकाला रडू आवरेना. तो म्हणाला, “साहेबांनी पुकारल्याबिगर गाडी काढायला जीव होत नव्हता.”

दहावं झालं. पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, “ते मशीन असं धूळ खात ठेवू नको. डॉक्टरांचा साताऱ्याला एक पेशंट हाय म्हणं, असाच. त्याला दे.” मी होकार दिला आणि दाजींचं लिहिलेलं तेवढं काढून घ्यावं म्हणून दुपारी मशीन उघडलं. आक्का बाहेर सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. ताटात खडे टाकल्याचा आवाज येत होता.

प्रत्येक गोष्ट वेळेसकट टिपून ठेवायची माझी सवय आहे. मशीनमध्ये पट्टीच्या प्रोग्रामची एक वही आपोआप भरत जायची, चिमटीची दुसरी. चिमटीच्या वहीत शनिवार दुपारपर्यंत नाडीचे आकडे नीट होते. चारनंतर ते थांबले होते आणि त्यांच्या जागी, मधूनमधून, एकेकटा ‘१’ होता.

चिमटी कधी एकटा ‘१’ पाठवत नाही. तो पट्टी पाठवते, अंगठा दाबला की.

मी टेबलामागे वाकलो. तारा दोन्ही घट्ट खोचलेल्या, पुसून स्वच्छ केलेल्या. डावीची उजवीकडे, उजवीची डावीकडे. शनिवारी नळकांडं आलं तेव्हा आक्कानं टेबल सरकवलं, तारा काढल्या, फडक्यानं पुसल्या आणि परत लावल्या. ‘काल टेबल जरा...’ एवढं ती मला सांगत होती आणि मी तिला पुढे बोलू दिलं नव्हतं. पट्टीच्या प्रोग्रामला नाडीचे आकडे मिळत राहिले. समजत नसेल तर गप्प बस, असं त्याला मीच शिकवलेलं होतं, कारण पडद्यावर लाल अक्षरं आली की आक्का घाबरायची. चिमटीवरचे आकडे तिच्या स्वतःच्या काचेवर दिसतच होते, म्हणून तिकडेही कुणाचं लक्ष गेलं नाही. आणि हिरवा लाइट? तारेत वीज आहे, एवढंच तो सांगतो.

मला वाटलं, असू दे. फडफडणंच असेल ते. मी अगदी देवाला हात जोडावेत तशी प्रार्थना केली की ते फडफडणं असू दे. मग दोन्ही वह्या शेजारी शेजारी लावल्या. रविवारी सकाळी कुठल्या क्षणी कुठला चौकोन उजळला होता, ते पट्टीच्या वहीत होतं. अंगठा कुठल्या क्षणी दाबला, ते चिमटीच्या वहीत. मी कागदावर रेघा मारत गेलो.

साडेनऊ ते बारा. सदुसष्ट वेळा अंगठा दाबलेला. चौसष्ट वेळा हिरव्या चौकोनावर.

हो.

दाजींना जगायचं होतं. तसंच पडून, नळीवर, बोलायला एक वाक्य पाच मिनिटांनी, तरी जगायचं होतं. वर्षापूर्वी त्यांनी जे म्हटलं ते चालत्या माणसानं म्हटलं होतं. ह्या माणसाचं मन दुसरं झालं होतं, आणि ते त्यानं चौसष्ट वेळा सांगितलं होतं.

बारा वाजून चार मिनिटांनी नोंदी एकदम दाटल्या. तिथे चौकोनांशी काही मेळ नव्हता. एका मिनिटात एकोणीस. आक्कानं डॉक्टरांना फोन केला तो खाटेशेजारूनच.

मग दोन तास काही नाही. मग अधूनमधून एखादी. आणि पाच वाजून सोळा मिनिटांपासून पुन्हा नऊ वेळा, नऊच्या नऊ हिरव्यावर. तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता. तेव्हासुद्धा मी डॉक्टरांना फोन करून पाया पडून विनवू शकलो असतो. मी “फडफडणं” म्हणालो. मी स्वतःला हुशार समजणारा माणूस, माझ्या मुठीत एक माणूस ‘हो’ म्हणत होता आणि मी त्याच्या बायकोला आजाराचं लक्षण समजावून सांगत होतो.

मी किती वेळ तसा बसलो होतो कुणास ठाऊक. बाहेर खड्यांचा आवाज थांबला होता. आक्का दारात उभी होती, ताट कमरेला लावून.

“काय सापडलं व्हय त्यात?”

कागद माझ्यासमोरच होता. रेघा मारलेला, हिरव्या-लाल खुणांचा. “काही नाही,” असं म्हणता आलं असतं, पण माझा चेहरा तिनं पाहिला होता. लहानपणी माझा चेहरा बघून ती पेपरातले मार्क सांगायची.

“सापडलं,” मी म्हटलं.

“काय?”

“रविवारचं. दाजींनी अंगठा दाबला होता, आक्का. पडदा अडकला होता म्हणून दिसलं नाही.”

ती खाली बसली. ताट जमिनीवर ठेवलं. “माझ्यामुळं अडकला? मी तारा काढल्या म्हणून?”

“नाही गं. तारांचा काय संबंध? माझ्या प्रोग्रामची चूक होती. माझीच.”

एवढं एकच मी त्या दुपारी खरं बोललो, आणि तेही अर्धंच.

“मग काय म्हणत होते?”

मी तिच्याकडे बघितलं. अकरा दिवसांत ती वाळून अर्धी झाली होती. डोळ्यांखाली काळं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारत होती, मी बरोबर केलं का? आणि प्रत्येक जण ‘बरोबर केलंस’ म्हणत होता. ते तिला पुरत नव्हतं, कारण ज्याला विचारायचं तो उत्तर न देता गेला होता.

“नाही म्हणत होते,” मी म्हटलं. “नळी नको म्हणत होते. कितीतरी वेळा.”

आक्काच्या तोंडातून जो आवाज निघाला तसा मी दाजी गेले तेव्हाही ऐकला नव्हता. ती रडली, मग रडता रडता हसली, माझं डोकं पुढे ओढून घेतलं आणि म्हणाली, “तुझं लई भलं होईल रं. तुझ्यामुळं मला कळलं तरी.” मग तिथेच जमिनीवर आडवी झाली आणि ऐन दुपारी गाढ झोपली. मी तो कागद बारीक फाडून खिशात घातला. मग पिशवीतलं सामान काढून दोन्ही तारांच्या चिपमध्ये क्रमांक लिहिले आणि नियम बदलला. आता त्या कुठल्याही भोकात घातल्या तरी चालणार होत्या. काम व्हायला वीस मिनिटं लागली.

आठ वर्षं झाली. दरवर्षी श्राद्धाला लोक जमले की आक्का सांगते, “ह्यांनी शेवटला सोता सांगितलं, नळी नको. माझ्या भावाच्या मशीनवर आलं.” लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी वाढायला उठतो.

गेल्या महिन्यात तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्याच्या आदल्या दिवशी मी तिच्या खाटेशेजारी संत्रं सोलत बसलो होतो. वॉर्डात दुपारची भेटीची वेळ, आजूबाजूला गलका.

“धना,” ती म्हणाली, “माझ्यावर ह्यांच्यागत वेळ आली, तर मला बी ते मशीन बसव.”

“काहीतरीच काय बोलतेस?”

“बसव. तूच बसव, आणि तूच वाच.” तिनं माझ्या हातातली फोड घेतली, बी काढली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “फकस्त एवढं कर. मी म्हणीन तेच सांग.”

तिला कधीपासून माहीत होतं, कसं कळलं, मी विचारलं नाही. हातातलं संत्रं तसंच राहिलं. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि भेटीची वेळ संपेपर्यंत काढला नाही.